निहोन फाल्कम: ताचिकावातला हट्टी गेम स्टुडिओ (लांबलचक धागा)

पिक्सेलपंत

जपानी गेम म्हटलं की आपल्याकडे गाडी मारिओ, कॉन्ट्रा, पोकेमॉन इथवर येऊन थांबते, फार तर फायनल फँटसी. पण सगळ्यात मजेशीर इतिहास असलेला जपानी स्टुडिओ कुठला म्हणून मला विचाराल तर मी निहोन फाल्कमचं नाव घेईन, आणि त्याच्यावर मराठीत वाचायला काही मिळत नाही, म्हणून हा धागा काढतोय. लांब होणारे, ज्यांना इंटरेस्ट नाही त्यांनी खुशाल पुढे जा.

तर मार्च १९८१. मासायुकी कातो नावाचा गृहस्थ टोकियोच्या पश्चिमेला ताचिकावा नावाच्या शहरात कंपनी काढतो. गेम कंपनी नव्हे हां, ॲपल टू कम्प्युटर विकायचं दुकान. तेव्हा जपानात ॲपल म्हणजे भलतंच महाग प्रकरण, त्यामुळे विकत घेणारे मोजके आणि हाताळून बघणारेच जास्त. दुकानात कायम पडीक असणाऱ्या मंडळींत योशिओ किया नावाचा एकजण होता, आणि पुढची पाच-सात वर्षं फाल्कम म्हणजे बऱ्याच अंशी हा किया.

१९८२ ला गॅलॅक्टिक वॉर्स नावाचा पहिला गेम आला, त्याच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १९८४ ला कियाचा ड्रॅगन स्लेअर आला, ज्याला पहिल्या काही ॲक्शन आरपीजींमध्ये (पात्राची ताकद वाढवत न्यायचे रोल-प्लेइंग गेम, पण मारामारी तिथल्या तिथे हाताने) धरतात. आणि १९८५ ला झानाडू. झानाडूच्या ४ लाखांवर प्रती खपल्या. १९८५ साली, कम्प्युटरवरच्या गेमच्या, आणि त्या पण जपानात, जिथे तेव्हा पोरं फॅमिकॉमला (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं गेम मशीन) चिकटलेली होती!

झानाडू नुसता खपला नाही, तो डोक्याने पण तिरपागडा होता. आपल्याला सवय काय, की राक्षस मारत राहायचे, लेव्हल वाढवत राहायची, राक्षस काही संपत नाहीत. झानाडूत संपतात. प्रत्येक जातीचे मोजून तेवढेच असतात, त्यामुळे कुठल्या शस्त्राने कुणाला मारायचं, कुठल्या शस्त्राचा हात बसवायचा याचा हिशोब आधीच करायला लागतो. वर त्यातले काही राक्षस चांगले असतात. चांगल्याला मारलं की तुमचं कर्म वाढतं (गेममध्ये त्याला कर्मच म्हणतात, आपल्याला समजावून सांगायला नको) आणि कर्म वाढलं की देवळातला पुजारी लेव्हल वाढवून देत नाही, चालता हो म्हणतो. मग पाप धुवायला काळं औषध शोधून प्यायचं, ज्याने जीव अर्धा होतो. हे सगळं कुणी शिकवत नाही, आपण आपलं पुजाऱ्याच्या दारात डोकं आपटत बसायचं.

माझा मुद्दा असा आहे की फाल्कम चाळीस वर्षांपेक्षा जास्त टिकली ती मोठी व्हायचं नाकारल्यामुळे. गाव सोडलं नाही, माणसं शंभराच्या आतच ठेवली, आणि जी माणसं सोडून गेली त्यांनी जपानातला निम्मा धंदा उभा केला. बाकीचं प्रतिसादांत लिहितो.

खारीबिस्कीट

पंत एक नंबर. मी टीव्ही गेमवाल्या पिढीतला, ते पिवळं ९९९९ इन १ कार्ट्रिज फुंकून फुंकून लावणारा. त्यात फाल्कमचा एखादा गेम असायचा का ओ? खेळलो असेन आणि माहितीच नसेल असं पण होऊ शकतं.

पिक्सेलपंत

मला तरी कधी दिसला नाही. त्या कार्ट्रिजवर बहुतेक सुरुवातीचे छोटे छोटे गेम कोंबलेले असायचे, आणि फाल्कमचं मुख्य दुकान पीसी-८८०१ (थोडक्यात पीसी-८८) सारख्या जपानी कम्प्युटरवर चालायचं, फ्लॉपीवर. ते मशीन जपानाबाहेर कुणाला ठाऊकच नव्हतं म्हटलं तरी चालेल.

पण ड्रॅगन स्लेअर मालिकेचा चौथा गेम १९८७ ला फॅमिकॉमवर पण आला होता. तो तुला आवडेल. हिरो म्हणजे अख्खं कुटुंब. बाप, आई, मुलगा, मुलगी आणि घरात पाळलेला एक राक्षस. कुणी उंच उडी मारतं, कुणी जड ठोकळे ढकलतं, आणि पाळीव राक्षसाला बाकीचे राक्षस काहीच करत नाहीत, आपलाच माणूस समजतात. आजी-आजोबा घरी बसून पासवर्ड सांभाळतात. खाली जो भूलभुलैया आहे तो मात्र इतका मोठा आणि निर्दय आहे की नकाशा काढल्याशिवाय गेलास तर गेलासच.

तबलजी_७७

मी गेम खेळत नाही पण फाल्कम मला संगीतामुळे माहिती. युझो कोशिरो हे नाव कुणी घेतलं नाही अजून म्हणून लिहितो.

हा पोरगा अठरा वर्षांचा असताना त्याने डेमो टेप पाठवली आणि फाल्कमने त्याला काम दिलं. लहानपणी काही वर्षं तो जो हिसाइशींकडे शिकत होता, तेच जिब्लीच्या सिनेमांचे संगीतकार. आता पीसी-८८ मध्ये आवाजाची चिप कोणती तर यामाहाची, त्यात ३ चॅनेल एफएमचे आणि ३ साध्या टूंटूं आवाजाचे. संपले. एवढ्यात तुम्हाला बेस, कॉर्ड, मेलडी, ड्रम सगळं बसवायचंय. ईस या फाल्कमच्या गेम मालिकेचा पहिला भाग आला १९८७ ला, त्यातलं मैदानात पहिल्यांदा बाहेर पडल्यावरचं गाणं ऐका, यूट्यूबवर मूळ पीसी-८८ वालं शोधा, नंतरच्या ऑर्केस्ट्रावाल्या व्हर्जन आधी ऐकू नका. बेस एका जागी थांबतच नाही, आणि दोन चॅनेलवर तोच सूर किंचित मागेपुढे ठेवून असा काही भरीव करतो की सहाच आवाज आहेत यावर विश्वास बसत नाही. त्याच्या जोडीला मिएको इशिकावा म्हणून बाई होत्या, त्यांचं नाव लोक विसरतात, ईसच्या संगीतात त्यांचा पण मोठा वाटा आहे.

कोशिरो नंतर बाहेर पडला, सेगासाठी स्ट्रीट्स ऑफ रेज केलं, आई आणि बहिणीबरोबर एन्शंट नावाची कंपनी काढली. आई कंपनीची प्रमुख! आपल्याकडे आईला "मी गेमचं संगीत करणारे" सांगून बघा.

अवांतर: फाल्कमने आपलं संगीत लोकांना वापरायला मोकळं सोडलंय, क्रेडिट द्या आणि वापरा अशी जाहीर भूमिका. एका ओळीच्या तुकड्यासाठी नोटीस पाठवणाऱ्या कंपन्यांच्या जमान्यात हे भारी वाटतं.

पिक्सेलपंत

तबलजी, दंडवत. ईसवर लिहायचंच होतं, तुम्ही सुरुवात करून दिलीत.

ईस केला मासाया हाशिमोतो आणि तोमोयोशी मियाझाकी या दोघांनी. कियाचा झानाडू म्हणजे खेळणाऱ्याशी वैर धरल्यासारखा, आणि तेव्हाचे सगळेच आरपीजी तसे होते, जितका छळ तितका गेम थोर. ईसच्या जाहिरातीत सरळ सांगितलं होतं की आता आरपीजीचा प्रेमळपणाचा काळ येतोय. एकाच छताखाली, दोनच वर्षांच्या अंतराने, एकमेकांच्या अगदी उलट विचाराचे दोन गेम, हे मला फार आवडतं.

आणि मारामारी कशी तर हल्ल्याचं बटणच नाही. शत्रूच्या अंगावर जाऊन आदळायचं. पण समोरासमोर आदळलात तर तुम्हालाच मार बसतो, अर्धं अंग बाजूला ठेवून, कडेने घासत गेलात तर त्याला बसतो. ऐकायला खुळचट वाटतं, पण दहा मिनिटांत हात बसतो आणि मग आपण थांबतच नाही, चालणं आणि लढणं एकच होऊन जातं, आणि मागे ते संगीत. १९८८ ला ईस टू आला, त्याच्या सुरुवातीच्या फिल्ममध्ये लिलिया नावाची मुलगी वळून आपल्याकडे बघते, केस हलतात. बस्स एवढंच. पण तेव्हा घरच्या कम्प्युटरवर असं चित्र हलताना लोकांनी बघितलेलंच नव्हतं.

मग हाशिमोतो-मियाझाकी बाहेर पडले आणि क्विंटेट काढली. ॲक्टरेझर, सोल ब्लेझर, टेरानिग्मा ही त्यांचीच. ॲक्टरेझरचं संगीत परत कोशिरोच.

लोअरपरळ

धागा छान आहे पण पंत तुम्ही जरा भक्तिभावाने लिहिताय. "मोठी व्हायचं नाकारलं" म्हणे. नाकारलं की जमलं नाही? जी माणसं सोडून गेली त्यांनी धंदा उभा केला हे कौतुक कसलं, हे तर अपयश आहे, तुमच्याकडचे सगळ्यात चांगले लोक दोन हिट गेम देऊन एक-दोन वर्षांत निघून जातात म्हणजे तुमच्याकडे काहीतरी बिघडलेलं असणार.

नव्वदच्या दशकाबद्दल पण लिहा की. ईसचा चौथा भाग फाल्कमने बनवलाच नाही. १९९३ ला हडसन कंपनीने पीसी इंजिन या कन्सोलवर (टीव्हीला जोडायचं गेम मशीन) एक बनवला आणि टोंकिन हाउसने सुपर फॅमिकॉमवर दुसराच, दोन्हींची गोष्ट वेगळी! आपल्या घरचं लग्न आणि मांडव दुसऱ्यांनी घातलाय, तो पण दोन ठिकाणी. पाचवा स्वतः केला १९९५ ला, तर लोक म्हणाले फारच सोपा झालाय, म्हणून अवघड करून परत आणायला लागला. नंतर आठ वर्षं ईसचा नवा भाग नाहीच.

आणि झानाडूचं कौतुक करताना हे पण सांगा की त्यातली दुकानांची चित्रं अमेरिकन अल्टिमा गेमच्या पुस्तिकेतून उचलल्याचा आरोप झाला होता, प्रकरण कोर्टाबाहेर मिटवलं.

पिक्सेलपंत

लोअरपरळ, चित्रांचं प्रकरण खरंय, त्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही.

नव्वदच्या दशकाबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणतो. झालं असं की जपानी कम्प्युटरचा बाजारच बसला. पीसी-८८ गेला, त्याच्या पुढचा पीसी-९८ राहिला, मग विंडोज आलं, आणि गेम खेळणारी जनता कन्सोलवर निघून गेली. कम्प्युटरवाल्या बहुतेक कंपन्यांना एकतर कन्सोलवर उडी मारावी लागली किंवा मग प्रौढांसाठीचे गेम काढून पोट भरावं लागलं. फाल्कमने कन्सोलचं काम बरंचसं भाड्याने दिल्यासारखं इतरांना दिलं आणि स्वतः कम्प्युटरला चिकटून राहिली. ईस फोर दोन कंपन्यांनी केला तेव्हा गोष्टीचा आराखडा आणि संगीत फाल्कमचंच होतं, पैसे पण येत होते. ह्याला हुशारी म्हणायचं की नाइलाज, तुम्ही ठरवा. आणि तो चौथा भाग त्यांना स्वतःला पण खुपत असावा, कारण २०१२ मध्ये, जवळजवळ वीस वर्षांनी, तो त्यांनी नव्याने स्वतः बनवला, मेमरीज ऑफ सेल्सेता नावाने. राग ठेवावा तर असा.

लोक निघून गेले हे अपयश, हे मान्य. किया पण शेवटी गेलाच. मी एवढंच म्हणतोय की लोक गेल्यावर कंपनी बंद पडली नाही, क्विंटेट मात्र आज कुठेय?

मृण्मयी_क

मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, ॲनिमे मात्र बघते, आणि या धाग्यावर शिंकाईचं नाव येईपर्यंत वाट बघणार होते पण राहवलं नाही :)

"युअर नेम" वाले माकोतो शिंकाई १९९६ ला फाल्कममध्ये नोकरीला लागले आणि साधारण पाच वर्षं तिथे होते. गेमच्या सुरुवातीच्या फिल्म बनवायचे. ईस टू इटर्नल म्हणून जो नवीन अवतार आला २००० साली त्याची ओपनिंग शोधून बघा, मी बघितली आणि थक्क झाले. ढग! अहो तेच ढग, तोच खालून वर जाणारा कॅमेरा, तोच उन्हाचा तिरका पट्टा. नाव न सांगता दाखवली असती तरी ओळखलं असतं. पंत वर ज्या लिलियाबद्दल लिहितायत, ती वळून बघणारी, ती पण त्यात परत आहे.

नोकरी चालू असतानाच, कामावरून घरी आल्यावर रात्री त्यांनी मांजराची ती पाच मिनिटांची काळी-पांढरी फिल्म केली. मग नोकरी सोडली आणि "व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार" जवळपास एकट्याने घरच्या कम्प्युटरवर बनवली, २००२ ला आली, २५ मिनिटांची. त्याचं संगीत तेनमोनचं, आणि तेनमोन पण फाल्कममधलाच संगीतकार! "फाइव्ह सेंटिमीटर्स" ऐकून तुम्ही रडला असाल तर तुम्ही फाल्कमच्याच माणसामुळे रडलात.

२०१९ ला आपल्याकडे "वेदरिंग विथ यू" थिएटरला लागावा म्हणून ऑनलाइन अर्जावर ढिगाने सह्या झाल्या होत्या, मी पण केलेली, आणि ऑक्टोबरमध्ये खरंच लागला. तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या मारणाऱ्या पब्लिकला कुणी ताचिकावाबद्दल सांगितलं असतं तर.

खारीबिस्कीट

ताई हे भारीच. म्हणजे गेमच्या ओपनिंग बनवता बनवता माणूस सिनेमा शिकला.

लोअरपरळ

पुन्हा तेच. तो पण सोडूनच गेला ना :)

निशिकासाईकर

मी टोकियोत असतो, आपल्या लोकांच्या वस्तीत, नावावरून कळलंच असेल. वाचनमात्र होतो पण ताचिकावा आलं म्हणून लॉगिन केलं.

ताचिकावा म्हणजे शिंजुकूहून चुओ लाइनने पाऊण तासाच्या आत. स्टेशनला मोठाले मॉल आहेत, डोक्यावरून मोनोरेल जाते, आणि बाजूला शोवा किनेन म्हणून प्रचंड बाग आहे, जिथे एकेकाळी अमेरिकन हवाई तळ होता. गेम कंपनी इथे असेल असं वाटत नाही, कारण बाकीच्या सगळ्या टोकियोच्या मधल्या भागात किंवा ओसाका-क्योटोकडे. मी एकदा ऑफिसच्या कामाने तिकडे गेलो तर जपानी सहकाऱ्याला विचारलं, फाल्कम इथेच ना? तो माणूस पन्नाशीचा, एरवी आवश्यक तेवढंच बोलणारा, तो एकदम सुटलाच. शाळेत असताना मित्राकडे पीसी-८८ होता, हे चौघं त्याच्या घरी सोर्सेरियन खेळायला जायचे, एक कीबोर्डवर आणि बाकी तिघं मागून ओरडणार. सोर्सेरियनमध्ये म्हणे आपले योद्धे म्हातारे होतात. मोहिमांच्या मधे वर्षं जातात, त्या काळात प्रत्येकजण गावात कसलीतरी नोकरी करतो, आणि एके दिवशी लाडका जादूगार म्हातारपणाने जातो. त्यांच्यातल्या एकाचा जादूगार गेला तर तो पोरगा घरी निघून गेला म्हणे.

पंत, सोर्सेरियनबद्दल दोन ओळी लिहा ना, मला एवढंच कळलं.

पिक्सेलपंत

लिहितो. १९८७ च्या शेवटी आला, कियाचाच, ड्रॅगन स्लेअर मालिकेतला पाचवा. चारजणांची टोळी, १५ छोट्या छोट्या मोहिमा, ६० नोकऱ्या. त्या नोकऱ्यांत शेतकरी, न्हावी, सगळे आहेत, ज्याला जे मिळेल ते. आणि मुख्य गंमत म्हणजे नव्या मोहिमांच्या वेगळ्या फ्लॉपी विकत मिळायच्या, मूळ गेमला जोडायच्या. आज ज्याला डीएलसी म्हणून शिव्या घालतो ते हेच, १९८८ मध्ये, इंटरनेट नसताना. फरक इतकाच की त्यात खरंच खेळायला काहीतरी असायचं.

आता कोंदोबद्दल लिहितो, कारण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तीच आहे आणि लोअरपरळ यांना उत्तर पण तेच.

तोशिहिरो कोंदो. १९७५ चा जन्म. कॉलेजात असताना हा फाल्कमचा फॅन, फाल्कमच्याच लेजंड ऑफ हीरोज या गेम मालिकेवर त्याने स्वतःची फॅन वेबसाइट चालवलेली. नव्वदच्या दशकातलं इंटरनेट, म्हणजे हाताने एचटीएमएल. त्याच जोरावर १९९८ ला फाल्कमने त्याला आत घेतलं. आणि २००७ मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना. फॅन साइटवाला पोरगा, नऊ वर्षांत अध्यक्ष. मधल्या काळात कंपनी शेअर बाजारात पण आली, डिसेंबर २००३ मध्ये, म्हणजे आता उत्तर द्यायला भागधारक पण होते, तरी हे केलं.

पण त्या आधी २००४ मध्ये ह्या लोकांनी ट्रेल्स इन द स्काय काढला. तो ट्रेल्स मालिकेचा पहिला भाग, आणि तेव्हापासून २०२४ पर्यंत तेरा गेम आले, सगळे मिळून एकच गोष्ट. एकाच खंडावर, एकामागून एक देश, एकाच कालरेषेवर. पहिल्या गेममध्ये नुसतं नाव घेतलेलं एखादं पात्र सातव्या गेममध्ये समोर येऊन उभं राहतं. आणि गावातली फालतू माणसं! इतर गेममध्ये दुकानदार एकच वाक्य जन्मभर बोलतो. इथे गोष्ट जरा पुढे सरकली की अख्ख्या गावाचं बोलणं बदलतं. घाटावरची म्हातारी, सून, तिचा नवरा, शाळेतलं कार्टं, प्रत्येकाचं आपापलं काहीतरी चालू असतं, आणि तुम्ही नाही विचारलंत तर तुम्हाला कधीच कळणार नाही. साठ-सत्तर माणसांच्या कंपनीने हे वीस वर्षं ओढलंय. मोठ्या कंपनीत कुणीतरी साहेब पहिल्याच मीटिंगला म्हणाला असता, म्हातारीचे संवाद कापा.

लोअरपरळ

हे मात्र कबूल, म्हातारीचे संवाद कुठेही कापले असते.

पण दुसरी बाजू ऐका. मी ट्रेल्समधलाच कोल्ड स्टील खेळलोय. २०१३ चा गेम आणि दिसतो २००५ चा. पात्रं खांबासारखी उभी राहून मान हलवत बोलतात. इंजिन सोनीचं तयार घेतलेलं, २०२१ च्या कुरो या ट्रेल्स गेमपासून स्वतःचं आणलं तेव्हा कुठे डोळ्यांना बरं वाटलं. आणि तुमची ती वीस वर्षांची एकच गोष्ट म्हणजे नवीन माणसाला आत शिरायला दारच नाही. कुणाला सांगायचं, बाबा रे आधी तेरा गेम खेळ, प्रत्येकी पन्नास-साठ तास, मग मजा येईल? लग्न झालेल्या माणसाने करायचं काय?

तबलजी_७७

लोअरपरळ +१. आणि मी खेळत नसल्याने माझा तर प्रश्नच मिटला.

कोकणकडा

वाचतोय कालपासून, एक भर घालतो. ट्रेल्सच्या इंग्लिशची गोष्ट फाल्कमइतकीच हट्टी आहे.

पहिला भाग इंग्लिशमध्ये २०११ ला पीएसपीवर (सोनीचं हातात धरून खेळायचं मशीन) आला, एक्ससीड नावाच्या छोट्या प्रकाशकाने आणला. हा भाग नेमका अशा जागी संपतो की तोंडचा घास काढून घेतल्यासारखं होतं. आणि दुसरा भाग कधी तर २०१५ ला. चार वर्षं! मजकूरच इतका अवाढव्य की छोट्या कंपनीचं कंबरडं मोडावं. मग ट्रेल्समधलेच क्रॉसबेलमध्ये घडणारे दोन गेम, झीरो आणि अझूर, ते तर कुणी अधिकृत आणेचना. म्हणून जिओफ्रंट नावाच्या फॅन लोकांच्या गटाने स्वतः भाषांतर केलं, झीरोचं २०२० ला मोकळं केलं, फुकट. इतकं नीट केलं की एनआयएस अमेरिका या प्रकाशक कंपनीने ते रीतसर घेतलं आणि २०२२-२३ मध्ये अधिकृत गेममध्ये वापरलं. फॅन साइट काढणारा अध्यक्ष होतो आणि फॅनांचं भाषांतर अधिकृत होतं, ह्या कंपनीच्या पाण्यातच काहीतरी आहे.

आणि पीएसपीला कमी लेखू नका पंत. २००६ ला स्काय पीएसपीवर आला आणि जपानात पोरं ट्रेनमध्ये खेळायला लागली. फाल्कमने इतकी वर्षं धरून ठेवलेला कम्प्युटर सोडला तो त्याच सुमाराला, ईस सेव्हन २००९ मध्ये थेट पीएसपीसाठीच केला. हट्ट सोडला म्हणून वाचले, असं पण म्हणता येतं.

पिक्सेलपंत

कोकणकडा, हे बरोबर पकडलंत. हट्ट सोडला, पण माणसं वाढवली नाहीत आणि गाव सोडलं नाही, एवढं माझ्या बाजूला ठेवा.

कातो आता नाहीत, डिसेंबर २०२४ मध्ये गेले. शेवटपर्यंत कंपनीतच होते. दुकान काढलं तेव्हा ते पस्तिशीच्या आसपास असतील.

निशिकासाईकर

हो, इथे बातमी आली होती. त्या सहकाऱ्यानेच मला पाठवली.

खारीबिस्कीट

बरं आता कामाचं बोला. मला सुरू करायचंय. लॅपटॉप जुना आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. रात्री पोरगी झोपल्यावर तासभर मिळतो. काय घेऊ?

लोअरपरळ

ईस ओरिजिन किंवा ओथ इन फेलघाना. दोन्ही स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आहेत, सेलमध्ये किंमत बरीच खाली येते, कुठल्याही डबड्यावर पळतात. दहा-बारा तासांत संपतो, बॉस भारी, गोष्ट समजून घ्यायला मागचं काही लागत नाही. ईसच्या बहुतेक भागांत (ओरिजिनमध्ये नाही) अडोल नावाचा लाल केसांचा हिरो आहे, तो बोटीत चढला की बोट बुडणार एवढं लक्षात ठेव, बाकी सगळं आपोआप कळतं. ट्रेल्सच्या नादी लागू नकोस, घर मोडेल.

कोकणकडा

ओथ मध्ये बॉसला तासतासभर अडकायला होतं हे सांगितलं नाहीत. तासच मिळतो म्हणतोय तो!

खारी, ट्रेल्स इन द स्कायचा जुना पहिला भाग घे. सप्टेंबर २०२५ ला त्याचा नवीन अवतार आलाय, दिसायला झकास, पण तुझा लॅपटॉप रडेल. जुना २०१४ पासून स्टीमवर आहे आणि खरंच कशावरही चालतो. लढाया पाळीपाळीने होतात त्यामुळे मधेच पोरगी उठली तरी काही बिघडत नाही, आणि सेव्ह जवळपास कुठेही करता येतं. पहिला भाग संपल्यावर ती सेव्ह फाइल उडवू नकोस, दुसऱ्या भागात कामाला येते, आणि तू दुसरा घेणारच आहेस.

मृण्मयी_क

मी पण घेऊ का? कधीच आरपीजी खेळले नाहीये.

पिक्सेलपंत

घ्या की. एस्टेल नावाची नायिका आहे, तोंडाळ आणि जीव लावणारी, तुम्हाला आवडेल. सुरुवातीचे काही तास काहीच घडत नाही असं वाटेल, मांजर शोधा, दिवा बदला असली कामं, तिथे कंटाळून सोडू नका.

खारीबिस्कीट

घेतला. रोलेंटमध्ये आहे, सुरुवातीच्या गावात. गिल्डच्या (गेममधली कामं वाटणारी संस्था) पाटीवर तीन कामं दिसतायत, त्यातलं एक गायब झालं, बग आहे का?

कोकणकडा

बग नाही, मुदत संपली. पाटीवर प्रत्येक कामाची मुदत लिहिलेली असते, थोडी, मध्यम, जास्त अशी. मुख्य गोष्ट पुढे नेली की थोड्या मुदतीची आधी जातात. जुना सेव्ह असेल तर मागे जा. आणि काही कामं पाटीवर येतच नाहीत, ती गावातल्या लोकांशी बोलूनच मिळतात, त्यामुळे काही घडलं की गावात एक चक्कर मार.

खारीबिस्कीट

सेव्ह आहे. जातो मागे.